अजगर दगड उबवतो

मगरीच्या तळ्यापाशी मी जवळजवळ पाव तास बोललो. आधी बायकोला सांगत होतो. मग कठड्याला टेकलेली दोन कुटुंबंही ऐकायला लागली, तसा माझा आवाज आपोआप चढला. मगर अशी तासन्‌तास हलत नाही. ती मेलेली नसते, ऊन खात असते. तिला खडे मारून उठवायचं नसतं. ती पाठीवरची खवल्यांची ओळ बघा, ते मिटलेले डोळे बघा. एका गृहस्थांनी मुलाला खांद्यावर घेऊन डोळे दाखवले. दुसऱ्यांच्या घरच्या बाई म्हणाल्या, किती शांत आहे. मी म्हणालो, जनावर समजून घ्यायचं तर आधी थांबावं लागतं. दोन्ही कुटुंबं समाधानानं पुढं गेली. मग तळ्यातला पाला काढायला एक माणूस आला. त्यानं बांबूच्या लांब आकड्यानं माझी मगर काठाला ओढली आणि उलथी केली. खालून ती बाभळीची होती.

‘‘मगर त्या कोपऱ्यात हाये काका,’’ तो म्हणाला. ‘‘हे वादळात पडलेलं खोड.’’

बायको काही बोलली नाही. लग्नाला सव्वीस वर्षं झाली की बायका लगेच बोलत नाहीत, जपून ठेवतात.

औरंगाबादला मेहुण्याकडे आलो होतो आणि दुपार मोकळी होती, म्हणून ही बाग. कानकोंडा होऊन मी पुढं चालू लागलो. फिनेल, ओलं गवत, तापलेलं लोखंड आणि त्या सगळ्याखालून येणारा जनावराच्या अंगाचा उग्र, कोमट वास. हा वास मी पंचवीस वर्षांत घेतला नव्हता, तरी नाकानं तो बराबर ओळखला. पाय आपसूक जाळीच्या एका पिंजऱ्याशी थांबले. आत अजगर वेटोळं करून पडला होता. बाहेर एक सहा-सात वर्षांचा मुलगा हातातल्या खड्याचा नेम धरत होता, आणि त्याच्या आईनं त्याचं मनगट पकडलं.

‘‘टाक तो खडा. अजगराला दगड मारू न्हाई. तो दगड पोटाखाली घेतो अन् उबवीत बसतो. दगड काय फुटत न्हाई, अन् मारणाराचा ताप काय उतरत न्हाई.’’

मी पुढं झालो. बाईंना विचारलं, तुम्ही कुठल्या? म्हणाल्या, वडीगोद्रीच्या. हे अजगराचं कुणी सांगितलं? म्हणाल्या, आजीनं. लई जुनं हाये ते, पहिल्यापासूनचं.

ते किती जुनं आहे हे मला नेमकं ठाऊक आहे. एका रामनवमीच्या दुपारी, माझ्या तोंडातून, ते पहिल्यांदा बाहेर पडलं. त्याआधी पृथ्वीवर कुठल्याही अजगरानं दगड उबवलेला नव्हता.

तेव्हा जालना जिल्हा व्हायचा होता. आम्ही औरंगाबाद जिल्ह्यातले, अंबडच्या बाजूचे. आमच्या लहानशा गावाला नगरपालिका होती, आणि नगरपालिकेला एक बाग. बागेत कडुनिंबाची बारा झाडं, एक कारंजं जे पाहुणे आल्यावरच उडे, आणि मागच्या भिंतीला लागून सात पिंजरे. पिंजरे कुणी ठरवून भरलेले नव्हते. कुणी पाय मोडलेला मोर आणून सोडला, कुणा दरवेशाचं म्हातारं अस्वल मागं राहिलं, विहिरीत पडलेलं तरस लोकांनी बाजेला बांधून आणलं. माकडं होती, एक साळिंदर होतं, एक घुबड होतं. बाजारच्या दिवशी आसपासच्या खेड्यांतली माणसं भाजी-मिरची घेऊन झाली की बागेत येत. लोखंडी फाटकाचा करकर आवाज, फुटाणेवाल्याच्या हातातल्या उलथण्याचा खणखणाट, शेंगांच्या टरफलांचा पायाखाली होणारा चुरा. आजही कुठं भाजक्या शेंगांचा वास आला, की मला त्याच्या मागून अस्वलाचा वास येईल असं वाटत राहतं.

मी तिथं रोजंदारीवर राखणदार होतो. वय बावीस, शिक्षण मॅट्रिकपर्यंत आणि मॅट्रिकच्या अलीकडेच. आमच्या बौद्धवाड्यातून नगरपालिकेत लागलेला मी तिसरा की चौथा, त्यामुळं वाड्याला माझा अभिमान होता आणि बाकी गावाचं माझ्यावर लक्ष होतं. पहाटे पिंजरे धुवायचे, हौद भरायचे, दिवसभर लोकांना आवरायचं, आणि उन्हं उतरली की पितळी घंटा वाजवून फाटक लावायचं. बागेच्या कोपऱ्यात पत्र्याची एक खोली मिळाली होती. कायम झालो तर ती खोली माझीच राहणार होती. तिच्याच भरवशावर माझं लग्न झालं.

लोकांना आवरायचं म्हणजे काय, हे सांगायला हवं. प्रत्येक जनावराबद्दल गावाला सगळं आधीच माहीत होतं. साळिंदर काटे फेकून मारतं, म्हणून त्याच्यासमोर सगळे आडवे उभे राहत. तरस माणसाला हसवून हसवून मारतं, म्हणून बाया पदर तोंडावर घेऊन त्याच्यासमोरून पळत, आणि पळताना हसत. लांडोर मोराचे आसू पिऊन गाभण राहते, हे मला एका शिक्षकांनी समजावून सांगितलं होतं. अस्वलाचा केस ताइतात घातला की लेकराची दचक जाते, म्हणून अस्वलाला टक्कल पडत चाललं होतं. पिंजऱ्याच्या गजांतून हात घालणाऱ्या आयांना ते बिचारं पाठ करून बसे, म्हणजे त्यांना सोपं जाई. माकडांना लोक पेटती विडी देत.

एकटं घुबड सुखी होतं. घुबडाला दगड मारला तर ते दगड चोचीत धरून नदीवर नेतं, घासत बसतं, आणि दगड झिजेल तसा मारणारा झिजतो, हे सगळ्यांना पक्कं माहीत होतं. घुबडाच्या पिंजऱ्यात कधी एक खडा सापडला नाही.

मी सगळ्यांना खरं सांगत फिरायचो. ते आमच्या घरातच होतं. वडिलांनी छप्पन साली घरातले टाक, ताईत, गंडे, सगळं गाठोड्यात बांधून गोदावरीत सोडलं होतं, आणि त्यानंतर आमच्या घरात कुणी मांजर आडवं गेलं म्हणून थांबलं नाही. त्यामुळं मी साळिंदराच्या पिंजऱ्याला टेकून उभा राहायचो आणि म्हणायचो, बघा, फेकतंय का काटे? लोक म्हणायचे, तुला वळखतंय ते.

जानेवारीत अजगर आला. गोदाकाठच्या उसाच्या फडात तोडणीच्या टोळीला तो सापडला. त्यांनी त्याला दोन पोत्यांत मिळून घातलं आणि बैलगाडीतून बागेत आणलं. पोत्यांना उसाच्या पाल्याचा गोडूस, कुबट वास येत होता. इतकं मोठं जनावर म्हणजे नरच, असं गृहीत धरून पहिल्याच दिवशी त्याचं नाव अजगरबुवा पडलं. बुवा श्वासानं शेळी ओढतो, हेही पहिल्याच दिवशी ठरलं. माणसं पिंजऱ्यासमोर रुमाल सोडून बघत, ओढला जातो का. रुमाल खाली पडे. मग म्हणत, भूक न्हाई आज त्याला.

भूक त्याला खरंच नव्हती. नगरपालिका आठवड्याला एक कोंबडी देई. पहिल्या आठवड्याची बुवानं गिळली आणि मग जो संप केला, तो केलाच. दुसऱ्या आठवड्याची ठिपक्यांची कवडी कोंबडी तीन दिवस पिंजऱ्यात त्याच्या अंगाखांद्यावरून हिंडली. तिला दाणा कोण घालणार? मी तिला काढून घरी आणली. तिसऱ्या आठवड्याची काळी कोंबडी तर आत जाऊन अंडं घालून बसली. तिलाही आणली. त्यानंतर मी नगरपालिकेतल्या साहेबांना कळवलं की कोंबड्या पाठवू नका. पाठवणं थांबलं, पण गावाला वाटलं की चालू आहे.

माझ्या बायकोचं नाव कमल. ती माहेराहून येताना एक पेटी, एक वळकटी आणि डालग्यात झाकलेल्या तीन कोंबड्या घेऊन आली होती. नगरपालिकेच्या दोन कोंबड्या तिच्या तिघींत मिसळल्या. अजगराच्या पिंजऱ्यात घातलेलं ते अंडं आम्ही खाल्लं. हे आजवर कुठं सांगितलेलं नाही. आता लिहून टाकतो, म्हणजे मोकळा होतो.

होळीच्या सुमाराला अजगर अगदीच गोळा होऊन बसला. मध्येच त्याचं सगळं अंग थरथरे. आमच्या बागेचे म्हातारे माळी गफूरचाचा म्हणाले, हिवताप आहे, आणि त्यांनी पिंजऱ्यावर पोतं टाकलं. फाटकावरच्या फुटाणेवाल्यानं वेगळं निदान केलं. अजगर वाळून चाललाय, तो गिऱ्हाइकाला सांगायचा, अन् राखणदाराची बायको बाळसं धरून राह्यली. आमच्या खोलीच्या दाराशी कोंबड्यांची पिसं पडलेली असतच. लोक अजगर बघायचे, मग वळून आमचं दार बघायचे. कमल धुणं वाळत घालायला बाहेर आली की बाया तिचे दंड निरखत.

शेवटी नगरपालिकेच्या अध्यक्षांनी मला बोलावलं. माणूस भला होता, पण त्यांना निर्णय घ्यायला आवडायचं. त्यांनी घेतलेला निर्णय असा: रामनवमीनंतरच्या शनिवारी ते चार मेंबरांसह बागेत येणार, सगळ्यांसमोर पिंजऱ्यात कोंबडी सोडणार. अजगरानं ती झडप घालून खाल्ली, तर मी त्याला उपाशी ठेवून कोंबड्या खाल्ल्या हे उघड. नाही खाल्ली, तर मी त्याला खंगवलं हे उघड. दोन्हीकडून मी रविवारी खोली रिकामी करायची. मी मान डोलावली. घरी येईपर्यंत हिशेब लक्षात आला नाही.

त्या दुपारी कमल भाकरी घेऊन पिंजऱ्यापाशी आली. कडुनिंब फुलला होता. त्याचा कडवट गोड वास आणि बारीक पांढरी फुलं सगळीकडं, तिच्या डोक्यावरच्या पदरावरसुद्धा. तोवर ती अजगराला लांबूनच बघायची. आज मीच रडवेला दिसलो असेन, म्हणून ती उकिडवी बसली आणि बराच वेळ बघत राहिली.

‘‘खुडूक बसलीय ती,’’ ती म्हणाली.

मी म्हणालो, अंड्यांवर कोंबड्या खुडूक बसतात. हा अजगर आहे.

‘‘अजगर असंल. पण बसलीय खुडूकच. बघा की, अंग चोरून कशी गोळा झालीय. जवळ गेलं की फुगती. दाण्याकडं बघत न्हाई. आमची तांबडी अशीच बसायची, उचलली की टोची.’’

मला हसू आलं. तिला आलं नाही. तिनं खोलीतून आपल्या पेटीतला आरसा आणला आणि माझ्या हातात दिला. मी आरशानं उन्हाचा कवडसा त्या काळ्या-पिवळ्या वेटोळ्यात पाडला. दोन वेढ्यांच्या फटीत काहीतरी पांढरं होतं. कवडसा हलला तरी ते हललं नाही. चुन्यासारखं पांढरं, गोल, आणि त्याच्या मागं आणखी एक.

मी फाटकापर्यंत पळत गेलो आणि सांगायला लागलो. इथं माझ्या आयुष्यातली मोठी चूक झाली. ती म्हणजे मी खरं बोललो. बुवाला अंडी झाली म्हटल्यावर आधी सगळे हसले. मग त्यांना अंडी बघायची होती. अंडी दिसायची तर बुवानं उठायला पाहिजे, आणि बुवाला उठवायचा एकच उपाय गावाला माहीत होता. आधी दिवसाला चार खडे पडायचे, आता चाळीस पडायला लागले.

रामनवमीला जवळच्या जांबचा उत्सव. जांब समर्थहून परतणाऱ्या बैलगाड्या, ट्रक, सायकली आमच्या गावात थांबत, आणि माणसं बुक्का लावलेल्या कपाळानं, प्रसादाचा पुडा हातात धरून बागेत येत. त्या दिवशी पिंजऱ्यापुढं पाय ठेवायला जागा नव्हती. मी हात जोडत होतो, गफूरचाचा ओरडत होते. एक मोठा खडा जाळीतून आत गेला आणि वेटोळ्याच्या कडेला लागला. तिनं अंग आणखी आवळलं, पण डोकं उचललं नाही. पुढं धोतर नेसलेला एक जाडजूड माणूस होता. त्यानं त्याहून मोठा दगड उचलला. शेजारच्या पिंजऱ्यात घुबड झोपलं होतं, एकाही खड्यावाचून, एखाद्या पेन्शनरासारखं. मी घुबडाकडं बघितलं, दगडाकडं बघितलं, आणि माझं तोंड माझ्या आधी बोललं.

‘‘मारा,’’ मी म्हणालो. ‘‘पण घरी सांगून आला का? हा अजगर दगड पोटाखाली घेतो अन् उबवीत बसतो. दगड काय फुटत न्हाई. तवर मारणाराचा ताप उतरत न्हाई.’’

त्या माणसानं दगड हळूच खाली ठेवला, टाकला नाही, ठेवला. मग हात धोतराला पुसला. मागून एक म्हातारी म्हणाली, तरीच. आमच्या शेजारच्यानं मागल्या बाजारी मारल्ता, अजून हातरुणात हाये. कुणीतरी म्हणालं, आता थरथरतोय तो त्याच्यासाठीच. हे मी सांगितलं नव्हतं. माझ्या खोट्याला पाच मिनिटांत पुरावे मिळाले. खऱ्याला दोन महिन्यांत एक मिळाला नव्हता.

त्या संध्याकाळी घंटा वाजवली तेव्हा पिंजऱ्यात नवा खडा नव्हता. छातीवरचं ओझं इतकं उतरलं की मी घंटा जरा जास्तच वेळ वाजवली. पण दुसऱ्या दिवशी जाळीला कुंकवाचं बोट दिसलं. तिसऱ्या दिवशी उदबत्ती. आणि शुक्रवारी वडील आले.

वडील सडकेच्या कामावर मजूर होते, पांढरा सदरा घालूनच बागेत यायचे. त्यांनी कुंकू बघितलं, उदबत्ती बघितली, दगडाची गोष्ट दोघा-तिघांकडून ऐकली, आणि लोकांना म्हणाले की हे सगळं खोटं आहे, मी आता दाखवतो. त्यांनी खाली वाकून एक खडा उचलला. मारणार नव्हते ते, नुसता पिंजऱ्यात टाकून मला काही होत नाही हे दाखवणार होते. त्यांना काही झालं नसतंच, आणि मग दुपारपर्यंत सगळं गाव खडे घेऊन आलं असतं. मी त्यांना बाजूला, पाण्याच्या मोटरीमागं घेऊन गेलो आणि सांगितलं की हे मी काढलंय.

ते माझ्याकडं बघत राहिले. देव नदीत सोडणाऱ्या माणसाच्या मुलानं एक नवा काढून ठेवला होता.

‘‘अंडी हायेत हे खरं सांगायचं न्हाई का?’’

‘‘सांगितलं. जास्त मारायला लागले.’’

वडिलांनी खडा हातातल्या हातात फिरवला. मग तो सदऱ्याच्या खिशात टाकला. ‘‘अंडी फुटली की मंग सांग,’’ ते म्हणाले. ‘‘इसरू नको.’’ आणि पाठमोरे निघाले. जाताना त्यांनी उदबत्ती तेवढी चिमटीत विझवली.

शनिवारी सकाळी दहाला समिती आली. मागून अर्धं गाव. अध्यक्षांनी कुंकवाकडं दुर्लक्ष केलं. कवडी कोंबडी मीच आत सोडली, कारण ती नगरपालिकेची होती आणि पिंजरा तिच्या ओळखीचा होता. तिनं दोन दाणे शोधले, मान तिरकी करून अजगराकडं बघितलं, आणि टुणकन उडी मारून वेटोळ्यावर जाऊन बसली. पाय पोटाखाली घेतले. लोक हसले. अध्यक्षांना ते हसू आपल्याला उद्देशून वाटलं असावं. त्यांनी शिपायाला हुकूम केला, काठीनं ढोसून बघ, जिवंत तरी आहे का.

शिपाई मागं सरला. म्हणाला, साहेब, घरी लेकरं हायेत. अध्यक्षांनी मेंबरांकडं बघितलं. मेंबरांनी कडुनिंबाकडं बघितलं. मग त्यांनी स्वतः काठी घेतली, दोन पावलं पुढं आले, थोडा विचार केला, आणि ती माझ्यापुढं धरली. ‘‘हे तुमचंच काम आहे.’’

काठी गुळगुळीत होती, अजून तळव्याला आठवते. ढोसलं असतं तर ती डसली असती किंवा अंड्यांवरून उठून पुन्हा बसली नसती. नाही ढोसलं तर खोली गेली. आणि सगळ्या गावाला वाटत होतं की मी तापाला भिऊन उभा आहे. माझ्या खोट्यानं मलाच पिंजऱ्याशी बांधून ठेवलं होतं.

तेवढ्यात मागून, बायांच्या घोळक्यातून कमल बोलली. लग्न झाल्यापासून चारचौघांत तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता, मीसुद्धा.

‘‘काठी ठिवा खाली. पाणी द्या आधी तिला. खुडूक दाणा सोडती, पाणी सोडत न्हाई.’’

मी काठी ठेवली. कमलनं भरलेली घागर पुढं सारली. मी पिंजऱ्याच्या कोपऱ्यातला दगडी हौद आधी उपसला, मग घागरीतलं गार पाणी वरून, उंचावरून ओतलं. ओतण्याचा आवाज सगळ्या बागेत ऐकू गेला. मग काहीच झालं नाही. मोर ओरडला. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं, पुन्हा बघितलं. चैत्रातलं ऊन पत्र्यावर चढत होतं, पत्रा मध्येच टण्‌ वाजत होता. फुटाणेवालासुद्धा उलथणं थांबवून आत आला होता.

आधी जीभ दिसली. मग डोकं, कोंबडीच्या पायाखालून. कवडी उठून बाजूला झाली, वैतागून. मग एक वेढा सैल झाला, दुसरा झाला, आणि ती अंगाची लांबच लांब दोरी सावकाश, अगदी सावकाश हौदाकडं वाहत गेली. मागं उरली ती अंडी. एकमेकांना चिकटलेली, बदकाच्या अंड्यांहून मोठी, पांढरीफेक, वीसेक तरी. आणि त्यांच्या कडेला, तिनं अंग आवळताना आत ओढले गेलेले, लोकांचे तीन खडे.

गफूरचाचांनी डोक्यावरची टोपी सारखी केली.

‘‘ये तो माँ निकली,’’ ते म्हणाले.

पाणी पिऊन ती परत आली आणि होती तशी बसली. खड्यांसकट. आधी खडे मारलेले कितीजण तेव्हा मनातल्या मनात थंडगार झाले असतील, मला माहीत नाही. मी मात्र घागरीवरच बसलो.

अध्यक्ष भानावर आले. म्हणाले, ठीक, पण मग त्या कोंबड्या? कमल खोलीकडं गेली आणि डालगं घेऊन आली. उचललं, तर काळी कोंबडी आणि तिच्याभोवती चिवचिवणारी सात पिल्लं.

‘‘ही एक. ती आतली एक. अन् ही पिल्लं नगरपालिकेच्या कोंबडीची, म्हंजी नगरपालिकेचीच,’’ ती म्हणाली. ‘‘घिऊन जा.’’

पिल्लं अध्यक्षांच्या बुटांवर चढली. सात पिल्लांना दाणा मंजूर करायचा तर ठराव लागणार, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. त्यांना हसू आलं, मग मेंबरांनाही ते आलं. म्हणाले, बाई, असू द्या तुमच्याकडंच. आणि मला म्हणाले, उद्या वेळेवर या कामावर. बस, एवढंच. त्या दिवशी मी तीन भाकरी खाल्ल्या आणि दुपारभर कडुनिंबाखाली पालथा झोपलो. फुलं पाठीवर पडत होती. इतकी निर्धास्त झोप मला पुन्हा लागलेली नाही.

मेच्या अखेरीस अंडी फुटली. हातभर लांबीची, चकचकीत, नव्या चामड्याच्या वासाची पिल्लं. थोड्याच दिवसांत जंगलखात्याची माणसं आली आणि आई-पिल्लांना पेट्यांत घालून दूरच्या रानात सोडायला घेऊन गेली. जायच्या आदल्या दिवशी तिनं एक कोंबडी खाल्ली. बघायला कुणी नव्हतं.

अंडी फुटल्यावर खरं सांगायचं होतं. मी सांगितलंही, चार-दोन जणांना. ते म्हणाले, तुला सांगायची मनाई असंल, आम्हाला समजतं. मग मी कायम झालो, पुढं पाणीपुरवठ्यात गेलो. अस्वल गेलं, तरस गेलं. एका उन्हाळ्यात माकडं कुलूप उघडून स्वतःच गेली. बागेच्या जागी आता दुकानांचे गाळे आहेत. तिथं उभं राहिलं तर शेंगांचा वास येत नाही, पावाच्या भट्टीचा येतो. पितळी घंटा कुठं गेली कुणाला माहीत नाही. कडुनिंब एक राहिलाय, मोबिल ऑइलच्या दुकानामागं, चैत्रात तेवढा दिसतो. वडीलही गेले. त्यांनी मला पुन्हा कधी विचारलं नाही, पण दर रामनवमीला माझ्याकडं एकदा बघायचे.

हे सगळं त्या औरंगाबादच्या जाळीपाशी उभ्या उभ्या आठवलं. म्हटलं, आज सांगून टाकावं. वडिलांनी बजावलं होतं. बाई मुलाला घेऊन मोराकडं चालल्या होत्या. मी घाईघाईनं त्यांना गाठलं. म्हणालो, ताई, ते अजगराचं मघाशी म्हणालात ना. त्या थांबल्या. मुलगा माझ्याकडं बघत होता. तो खडा त्यानं टाकला नव्हता, सदऱ्याच्या खिशात ठेवला होता. खिसा खाली ओढला गेला होता, आणि वरून त्यानं तळहात दाबून धरला होता.

मी मागं वळून पिंजऱ्याकडं बघितलं. जाळीच्या आत गवत होतं, पाणी होतं, स्वच्छ सिमेंट होतं. एक खडा नव्हता.

‘‘बराबर हाये तुमचं,’’ मी म्हणालो.

बाईंनी मान डोलावली. मला एकदम सुटल्यासारखं वाटलं. पंचवीस वर्षं जे परत घ्यायचं होतं, ते परत घ्यायचं राहून गेलं तरी चालेल, असं वाटलं. वडील असते तर त्यांना काय सांगितलं असतं ते अजून ठरलेलं नाही.

कमल हे सगळं जरा लांब उभी राहून ऐकत होती. बाहेर येऊन आम्ही बाकावर बसलो, उसाचा रस मागवला. तिनं अर्धा ग्लास संपवला, पदरानं ओठ टिपले, आणि मगरीच्या तळ्यापासून जपून ठेवलेलं शेवटी बाहेर काढलं.

‘‘त्या दोन घरांनी आज लाकडाची मगर बघितली,’’ ती म्हणाली. ‘‘डोळेसुद्धा बघितले. आता आणखी पंचवीस वर्सांनी ते कुठं ऐकायला मिळतंय, तेवढं बघायचं.’’